बरणीतली जीभ

फॉर्मलिनचा वास आला की लातूरच्या कॉलेजातली ती बरणी आठवते. आत बेडकाचा लांबचा नातलग, बिनफुप्फुसांचा सॅलॅमँडर. कॉलेजात एकुलता एक. त्याची जीभ बाणासारखी सुटते, असं सरांनी शिकवलं होतं. ती बघायला मी प्रयोगशाळेतल्या शिपाई मामांकडून गुपचूप कपाटाची किल्ली घेतली, चिमट्यानं जीभ ओढली आणि ती तुटूनच आली. दुसऱ्या दिवशी सरांनी मामांना सगळ्यांसमोर झापलं. "पुसताना माझ्याच हातानं झालं आसंल, सर," मामा म्हणाले. मी खाली मान घालून आकृती काढत राहिलो. निघताना मामांनी हळूच विचारलं, "लई लांब हाय का रं जीभ?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" आता मी शिकवतो त्या वर्गात मुलं हेच विचारतात, तेव्हा मी बोटांनी माप दाखवून सांगतो. मामांना तेवढंही सांगितलं नाही.