शिंगरोबाच्या वळणावरचं धुकं

माझा देवावरचा विश्वास कधी उडाला, ते मला नेमकं सांगता येतं. माझा थोरला भाऊ बोरघाटात मोटार चालवायचा. घाटाच्या मध्यावर शिंगरोबाचं छोटं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून आमच्या भागात सगळे त्याला मानतात, आणि मोटारवाले त्याला हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. माझा भाऊ तर गाडी थांबवून, वहाणा काढून, देवळाच्या पायरीला डोकं टेकवायचा. त्याच भावाची गाडी एका पावसाळ्यात देवळापासून हाकेच्या अंतरावर दरीत गेली. तो बराच वेळ जिवंत होता, असं नंतर कळलं. त्याच्या हाका रस्त्यावर ऐकू येत होत्या, पण पहिल्या दोन गाड्या थांबल्या नाहीत. तिसरी थांबली तोवर हाका बंद झाल्या होत्या. त्या दिवसापासून मी शिंगरोबाकडे मान वळवून बघणंही सोडलं.

धंदा मात्र मी तोच धरला. मराठी सातवी झालो होतो, कुठे तरी कारकुनी मिळाली असती. पण भावाच्या माघारी घरात कमावणारा कोणी नव्हता आणि गाडी चालवणं तेवढं हातात बसलेलं होतं. खोपोली ते लोणावळा अशी उतारूंची ने-आण करणारी आमची सर्व्हिस मोटार. लढाईची वर्षं होती, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून गाडीच्या मागे कोळशाची शेगडी बसवलेली होती आणि तिच्या गॅसवर गाडी चालायची. चढाला ती दम टाकायची, उतारावर मात्र माझं ऐकायची. घाटातलं प्रत्येक वळण मला पाठ होतं. आपला हात आणि आपला ब्रेक यांच्यापलीकडे कोणी राखणदार नाही, असं मी उघड बोलून दाखवायचो. माझी बायको ते ऐकून घ्यायची आणि मी घराबाहेर पडलो की देवापुढे दिवा लावायची. ते मला ठाऊक होतं, आणि मी ठाऊक नसल्यासारखं दाखवायचो.

श्रावणातली ती सकाळ होती. खंडाळ्याला गाडी थांबली तेव्हा रस्त्याच्या कडेला लष्करी लॉऱ्यांची रांग उभी होती. शिपाई पत्र्याच्या मगातून चहा पीत होते. मी सहज विचारलं, तर त्यांनाही खाली खोपोलीकडेच उतरायचं होतं. माझ्या गाडीत वीसेक माणसं होती. पुढच्या बाकावर कशेळ्याची सखूबाई बसली होती. लोणावळ्यात रेल्वेत कामाला असलेल्या जावयाकडे मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. आता खोपोलीहून आगगाडीने कर्जत आणि तिथून पुढे घरी जायचं होतं. तिच्या मांडीवरच्या पिशवीत एक नारळ होता.

खंडाळा सोडलं आणि दोन वळणांत धुक्याने आम्हाला गिळलं. घाटातलं धुकं मी जन्मभर पाहिलं आहे, पण त्या दिवशी गाडीचं नाकसुद्धा दिसेना. मी पहिल्या गिअरात, खिडकीतून डोकं बाहेर काढून, कठड्याचे दगड मोजावेत तसा एकेक दगड बघत उतरत होतो. प्रत्येक वळणाला हॉर्न द्यायचा, थांबायचं, कान द्यायचा आणि मग वळायचं. एवढ्यात मागून एक खासगी मोटार हॉर्न वाजवत आली आणि आम्हाला ओलांडून निघून गेली. आमचा कंडक्टर रामभाऊ म्हणाला, "याला काय दिसतंय, जे आपल्याला दिसत नाही?"

देऊळ जवळ आलं तशी सखूबाई उठून उभी राहिली. "डायवरदादा, जरा थांबा. माज्या लेकीची लई अवघड सुटका झाली. देवाला नारळ बोललेय मी, म्हनून तर आगगाडी सोडून तुमच्या मोटारीत बसले."

"बाई, या धुक्यात गाडी उभी करणं बरं नाही," मी म्हणालो.

"येक घडी रं दादा. माजं बोलनं खोटं नको पाडू."

खरं सांगतो, मी देवासाठी थांबलो नाही. समोरच्या काचेवर पाण्याचा पडदा साचला होता, तो पुसायचाच होता. देवळापाशी डोंगराच्या अंगाला रस्ता थोडा रुंद आहे. तिथे मी गाडी अगदी कडेला घेतली, रामभाऊने चाकांखाली दगड लावले. सखूबाई देवळात गेली. मी काच पुसत होतो आणि आत नारळ फुटल्याचा आवाज आला. त्याच्या पाठोपाठ खालच्या वळणावरून दुसरा आवाज आला. आधी हॉर्न, मग पत्रा चिरडल्याचा, मग काचांचा. क्षणभर सगळं शांत झालं, आणि पुन्हा एक दणका बसला. मग माणसं ओरडायला लागली.

सखूबाईने थांबवलं नसतं तर त्या वळणावर आम्ही असतो. हा विचार मला नंतर आला. त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट होती: वरून लष्करी लॉऱ्या येणार. आमची गाडी कडेला असली तरी पुरती रस्त्याबाहेर नव्हती. एखाद्या लॉरीने तिला मागून धडक दिली असती, तर ती उतारावरून घसरत थेट खालच्या माणसांवर गेली असती. मी सगळ्यांना गाडीतून उतरवलं. रस्त्यावर कोणी थांबायचं नाही, देवळामागे चढावर जाऊन उभं राहायचं, असं बजावलं. कोणी सामान घेऊ लागलं, त्याच्या हातातून मी ते काढून ठेवलं. रामभाऊला म्हणालो, "तू वर धाव. वळणापलीकडे जाऊन ओरड. लाल फडकं दाखवून उपयोग नाही, कोणाला दिसणार नाही. गळा फुटेस्तोवर ओरड." तो धावला. दोन पावलांत धुक्याने त्याला झाकून टाकलं. गाडीत बसलेले दोन शेतकरी माझ्याबरोबर खाली निघाले.

खाली जे दिसलं ते हाताला लागेल इतक्या जवळ गेल्यावरच दिसलं. आम्हाला ओलांडून गेलेली मोटार घाट चढणाऱ्या एका मिठाच्या लॉरीवर समोरून आदळली होती. त्या लॉरीच्या मागे आणखी एक लॉरी चढत होती, ती मागून घुसली होती. मोटारीतले दोघे रक्तबंबाळ होते, पण चालू शकत होते. शेतकऱ्यांनी त्यांना आधार देऊन वर नेलं. मागच्या लॉरीचा ड्रायव्हर कपाळ धरून रस्त्यातच बसला होता. त्याला मी म्हणालो, "बसू नको. खाली जा आणि चढणाऱ्या गाड्या अडव." तो उठला आणि गेला. काम सांगितलं की घाबरलेला माणूसही चालू लागतो, हे मी तेव्हा पाहिलं. मिठाच्या लॉरीचा ड्रायव्हर मात्र आत अडकला होता. त्याचा एक पाय पुढून आत आलेल्या पत्र्यात चिमटला होता आणि वरून फुटक्या गोण्यांतलं मीठ त्याच्या अंगावर सांडत होतं. पेणचा इस्माईल. घाटात आम्ही एकमेकांना हात करायचो, एवढीच ओळख.

"भाऊ, जाऊ नका हो," तो म्हणाला. "कोणी तरी थांबा."

मी त्याच्याच लॉरीतल्या जॅकच्या दांड्याने पत्रा वाकवायला लागलो. पत्रा हलायला लागला होता. दांडा दाबून धरला की इस्माईलचा पाय थोडा मोकळा व्हायचा आणि त्याचं कण्हणं थांबायचं; सोडला की पत्रा पुन्हा बसायचा. म्हणजे दुसरं कोणी येईपर्यंत मला तो सोडता येत नव्हता. आणि तेवढ्यात वरून इंजिनांची घरघर ऐकू आली. एक नाही, दोन नाही, सगळी रांग. रामभाऊचा आवाज मात्र कुठेच ऐकू येत नव्हता.

त्या वेळी माझ्या मनात काय झालं, ते मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही. पळायची इच्छा झाली. कठड्यापाशी चार उड्यांत पोचलो असतो. इस्माईलला तो आवाज कळला होता, कारण तोही याच धंद्यातला. तो माझ्याकडे बघत होता, पण आता "जाऊ नका" म्हणत नव्हता. मला माझा भाऊ आठवला. त्याच्या वेळी दोन गाड्या थांबल्या नव्हत्या. घामाने दांडा हातातून निसटू पाहत होता. आणि इतकी वर्षं ज्याच्याशी बोलणं तोडलं होतं, त्याला मी मोठ्याने म्हणालो, "देवा, वरचं तू बघ. माझे हात इथे अडकलेत." नवस नाही, अट नाही. दुसऱ्या माणसाला काम सांगावं तसं सांगितलं. सांगितल्यावर दांड्यावरची माझी पकड घट्ट झाली. हे मात्र मी शपथेवर सांगेन.

तेवढ्यात वरून एक हाक आली. लांबलचक, डोंगरावरून डोंगरावर पोचणारी, "येऽऽ" अशी हाक. पुन्हा आली. पुन्हा. मग ब्रेक किंचाळले. एकामागून एक, रांगेने, जसं काही कोणी खालून वर एकेक दार लावत जात होतं. मग इंजिनं बंद झाली आणि घाट शांत झाला.

थोड्याच वेळात धुक्यातून बुटांचे आवाज आले. ज्या लॉऱ्या आमच्यावर येऊन पडतील म्हणून मी भ्यालो होतो, त्यांच्यातलेच शिपाई दोर, पहारी आणि मोठे जॅक घेऊन खाली उतरले. एका उंच शीख हवालदाराने माझ्या हातातला दांडा धरला आणि तो म्हणाला, "छोड़ दो भाई, अब हम हैं।" माझी बोटं दांड्यावरून सुटेनात, त्यानेच ती एकेक करून सोडवली. इस्माईलला बाहेर काढलं. सखूबाई तोवर खाली आली होती. कापडाची इतकी टंचाई, पण तिने अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडून त्याचा पाय बांधला. "वरडू नको रं माज्या लेकरा, झालं आता," असं म्हणत ती लष्कराच्या लॉरीत त्याच्याशेजारी बसून दवाखान्यापर्यंत गेली. तिची कर्जतची गाडी चुकली, तिने त्याचं नावही काढलं नाही.

मी वर गेलो तो रामभाऊची पाठ थोपटायला. तर तो रस्त्याच्या कडेला गटारात पाय धरून बसलेला. देवळापासून जेमतेम पन्नास पावलांवर त्याचा पाय मुरगळला होता. "मला माफ कर रे," तो रडत होता. "दमा उसळला, तोंडातून आवाजच फुटेना." रांगेतली सगळ्यात पुढची लॉरी त्याच्यापासून अगदी जवळ उभी होती. मग हाक मारली कोणी? त्या लॉरीच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, धुक्यातून कोणी तरी ओरडत होतं, म्हणून त्याने गाडी हळू केली. आणि ती वळली तर रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी.

इथेच मी थांबलो असतो, तर ही गोष्ट चमत्काराची झाली असती. धनगर शिंगरोबा, धुकं, आणि हाक मारून नाहीसा झालेला कोणी अनोळखी. गावात तशी ती सांगितलीही जाते. पण चार दिवसांनी धुकं विरळ झाल्यावर मी घाटावरच्या धनगरांच्या घरांकडे चढून गेलो. तिथे एक म्हातारा म्हशीला पाणी पाजत होता. बाबू त्याचं नाव.

"त्या दिवशी हाक तुम्ही मारलीत?" मी विचारलं.

"मारली ना. चंद्री पळालेली माजी," म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला. "ये गं चंद्रे, ये गं, म्हनून वरडत व्हतो. कुटं दिसंल त्या धुक्यात?"

"गाड्या थांबवल्यात तुम्ही. माणसं वाचवलीत."

"म्या?" तो घाबरलाच. "मला नाय ठावं गाड्यांचं. मी आपला म्हशीमागं."

मी त्याच्या पाया पडलो. त्याने पाय मागे घेतले. "असं नको करू रं दादा. मी काय देव हाय का?" मग मी का रडतोय ते त्याला कळेना. त्याने मला आत नेऊन ताक दिलं आणि मी ते पिईपर्यंत तो शेजारी बसून राहिला.

खाली उतरताना मी देवळात गेलो. बऱ्याच वर्षांनी. भावाबद्दल मनात जो राग होता तो त्या दिवशी संपला, असं म्हणणार नाही. त्याच्या वेळी कोणाची म्हैस का पळाली नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण तो प्रश्न घेऊनही हात जोडता येतात, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. मला वाटायचं, देवावर टाकणं म्हणजे आपले हात सोडून देणं. त्या सकाळी माझे हात सुटले असते तर इस्माईलचा पाय गेला असता. टाकायचं ते फक्त तेवढंच, जे आपल्या हातांच्या पलीकडे आहे. आणि ते टाकल्यावर आपल्या हातातलं जास्त घट्ट धरता येतं.

लढाई संपून आता काही वर्षं झाली. शेगडी गेली, पुन्हा पेट्रोल आलं. इस्माईल थोडा लंगडतो, पण गाडी चालवतो. मी अजून याच घाटात आहे. नवे ड्रायव्हर मला धुक्याबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगतो: दिसेना झालं की थांबा, कडेला घ्या, माणसं उतरवून चढावर उभी करा, आणि मागच्याला सावध करायला कोणी तरी मागे जा. एखादा हळूच विचारतो, "काका, पण त्या दिवशी तुम्हाला वाचवलं कोणी?" सखूबाई म्हणते देवाने, बाबू म्हणतो म्हशीने. म्हशीला विचारता येत नाही. मी त्या सगळ्यांना हात जोडतो, आणि कोणाला किती श्रेय द्यायचं हे ठरवत बसत नाही. मग गाडीत बसतो, आणि निर्धास्त मनाने घाट उतरू लागतो.