एकमताने उघडलेली अभ्यासिका

चहा ओता आधी, मग सांगते. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण तो रविवार आठवला की मी अजून तोंड लपवते.

तर मी तेव्हा पंचवीस वर्षांची. हडपसरला आयटी कंपनीत नोकरी, वारज्यात भाड्याचा वन बीएचके, आणि डोक्यात एकच किडा: या शहरात कामं होत नाहीत, कारण कोणी मनावर घेत नाही. मी घेत होते! फुटपाथ, दिवे, कचरा, दिसेल त्यावर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला पत्र. शेवटी त्यांनी मला प्रभागाच्या नागरिक सल्लागार समितीवर घेतलं. मला वाटलं, माझी तळमळ पोचली. पत्रं थांबावीत म्हणून घेतलं असेल, हे सुचायला फार उशीर झाला.

समितीत जाण्याआधी अभ्यास नको का? म्हणून मी प्रभाग समितीची, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची, एक बैठक मागच्या बाकावर बसून ऐकली. एका गटाराचं झाकण! गल्लीच्या या तोंडाला आधी बसवायचं की त्या तोंडाला? अडीच तास! एक जण सभात्याग करून गेले, चहा आला म्हणून परत आले, चहा संपला तसे पुन्हा गेले. मी मनात म्हटलं, यांच्या हाती शहर आहे, म्हणून हे असं आहे.

आणि आमची समिती? सात माणसं, चाळीस मिनिटं, नऊ ठराव. सगळे एकमताने! अध्यक्ष जोगळेकर काका, निवृत्त मुख्याध्यापक. माझा ठराव सहावा: प्रभागातलं समाजमंदिर बहुतेक दिवस कुलूपबंद असतं, ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासिका म्हणून उघडावं. मी दहा मिनिटांचं भाषण पाठ करून गेले होते. दुसऱ्याच वाक्याला काकांनी हात वर केला.

"कोणाचा विरोध? नाही. मंजूर. चिवडा घ्या."

अहो, पुण्यात सात माणसांचं दोन मिनिटांत एकमत! तिथेच मला संशय यायला हवा होता की नाही? मला आला तो अभिमान.

घरी आले ती थेट खालच्या मजल्यावर, प्रणालीकडे. ही चंद्रपूरची मुलगी, एका खोलीत पाच जणी कॉट बेसिसवर राहायच्या. घरात अभ्यासाला जागा नाही, म्हणून रोज दोन बस बदलून नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत जायची. परीक्षा दोन महिन्यांवर, आणि हा तिचा शेवटचा प्रयत्न. यंदा नाही जमलं तर गावी परत, असं घरी ठरलेलं.

"सोड ती जागा!" मी म्हटलं. "चालत पाच मिनिटांवर अभ्यासिका होतेय. रोजचे तीन तास वाचतील तुझे."

"पक्कं आहे ना जी ताई? तिकडची जागा एकदा सोडली का पुन्हा भेटत नाही. रांग आहे तिथं."

"अगं, ठराव झालाय! एकमताने!"

तिने जागा सोडली. एवढ्यावर थांबलं असतं तर? तिने तिच्या पाच मैत्रिणींना सांगितलं. त्यांनीही सोडल्या!

पहिला रविवार उजाडला. सकाळी नऊला सहा जणी, पाठीवर पोत्याएवढ्या सॅक, आणि पुढे मी. समाजमंदिराचं दार सताड उघडं! आत खुर्च्या मांडलेल्या. दाराला झेंडूचं तोरण! माझे डोळे भरून आले हो. म्हटलं, महापालिकेला आपण उगाच नावं ठेवतो, इथे तर उद्घाटनाची तयारी आहे.

दारात एका बाईंनी आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. एकांनी पोह्यांच्या बशा हातात दिल्या.

"मुलाकडच्या का?"

"मुलीच आहेत सगळ्या," मी म्हटलं.

"छान, छान. पुढे बसा."

पुढे बसलो. मुलींनी पोहे खात खात राज्यघटना उघडली. मी दोन शब्द बोलावे लागतील म्हणून मनातल्या मनात भाषण जुळवत होते, तेवढ्यात सनईची कॅसेट सुरू झाली आणि शालू नेसलेली एक मुलगी लाजत लाजत स्टेजवर येऊन बसली.

प्रणाली माझ्या कानाशी आली. "ताई, हे अभ्यासिकेचं नाही वाटत जी."

तोवर मुलीचे मामा पोचले. आधी त्यांनी आमच्या पुस्तकांकडे पाहिलं, मग पोह्यांच्या रिकाम्या बशांकडे.

"आपण कोणाकडून?"

"समितीकडून," मी ताठ मानेने म्हटलं.

"कुठल्या?"

"सल्लागार."

"असं का! आम्हाला प्रभाग समितीनं दिलाय हॉल. हे पत्र. साखरपुडा आहे. वाचायचं असेल तर बसा, पण मनात वाचा."

मी बाहेर धावले, जोगळेकर काकांना फोन लावला.

"काका, आपण ठराव मंजूर केला होता ना?"

"केला की. म्हणजे शिफारस मंजूर केली. ती गेली वर."

"आणि हॉल?"

"हॉल कोणाला द्यायचा ते प्रभाग समिती ठरवते. आपण फक्त सल्ला देतो."

"पण आपलं तर एकमत झालं होतं!"

"अहो, ठरवायचं त्यांना असतं म्हणून ते भांडतात. आपल्या हातात काही नाही म्हणून आपलं एकमत. नियमावली वाचली नाहीत का? त्या दिवशी चिवड्याखाली अंथरली होती तीच."

फोन ठेवला आणि मागे वळले. सहा जणी फुटपाथवर रांगेत उभ्या. कोणी चिडत नव्हतं, हेच जास्त भयंकर! तशाच सगळ्या नारायण पेठेत गेलो. अभ्यासिकेच्या मालकांनी वहीतून मान वर न काढता सांगितलं, "नावं लिहून ठेवतो. परीक्षा झाली की नंबर लागेल."

परतीच्या बसमध्ये प्रणाली खिडकीबाहेर बघत होती. मला म्हणाली असती काहीबाही तर बरं वाटलं असतं. वारजे येता येता मी कसंबसं तोंड उघडलं. "माझा हॉल आहे. माझ्या घरातला. तिथे ठराव लागत नाही."

त्या संध्याकाळीच सहा जणी सतरंज्या घेऊन वर आल्या. दुसऱ्या दिवशी हडपसरहून थकून घरी आले, तर माझ्याच हॉलमध्ये बैठक चाललेली! टीव्ही दीड महिना बंद. मिक्सर सकाळी सातच्या आत. कुकरच्या शिट्ट्या तीनच. माझे फोन गॅलरीत, दार लावून. आणि प्रत्येक मुद्द्यावर अशी भांडाभांडी, की नगरसेवकांनी येऊन शिकावं!

मी दारातच चपला काढत म्हटलं, "अगं, रविवारी तासभर टीव्ही लावायला काय हरकत आहे?"

प्रणालीने वहीत काहीतरी लिहिलं आणि अतिशय आदराने माझ्याकडे पाहिलं.

"तुमची सूचना घेतली जी ताई," म्हणाली. "आता आत जाता का? आम्हाला निर्णय घ्यायचा आहे."