गिळायला निवळी नाही

“चिमे, त्या दगडाखाली बघ, एखादी तरी असेल,” आत्या ओढ्यातून ओरडत होती. नातीला पोहता यावं म्हणून तिला जिवंत निवळी गिळायला लावायची, ही आमच्याकडची रीत. निवळी म्हणजे पाण्यावर गरगर फिरणारा काळा किडा. माझ्या लहानपणी निवळ्या इतक्या, की ओढ्याला वाहायला त्यांची परवानगी काढावी लागे. मी एवढ्या गिळल्या, की आंघोळीच्या बादलीतही तरंगायचो.

यंदाच्या दुष्काळात ओढ्याचं डबकं उरलंय. खेकड्यांची बिळं कोरडी, गोगलगायींचे शंख पांढरे पडलेले. एवढे जीव गेले आणि गावात सुतक म्हणून एकाही घरची चूल बंद राहिली नाही.

“पाऊस पडला की येतील परत,” मी आत्याला म्हटलं.

“अंडी घालायला एखादी उरायला पाहिजे,” आत्या म्हणाली.