काकांचं ऐंशी ते दोनशे

माणसामाणसांतली सगळी भांडणं चुकीच्या अंतरावर उभं राहिल्यानं होतात, असं मानणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या घरात जन्मला. माझे धाकटे काका. त्यांनी लग्न केलं नाही, कॅमेरा घेतला. पुढे कुवेतहून आलेल्या मित्राच्या बॅगेतून ऐंशी ते दोनशे मिलिमीटरची झूम लेन्स आली आणि सक्करदऱ्यातल्या आमच्या घरात काकांना कुणाशी जवळून बोलणं जड जाऊ लागलं. आई जेवायला हाक मारी, तर हे अंगणाच्या टोकाशी उभे राहून, लेन्सची रिंग फिरवत तिला ऐंशीवरून दोनशेवर आणत असायचे. माणसापासून लांब राहावं आणि रिंग फिरवून त्याला जवळ आणावं, म्हणजे नाकाच्या जागी नाक राहतं, हा त्यांचा सिद्धांत.

तो मला मुकाट्यानं ऐकावा लागला, कारण नाक माझं होतं. स्टुडिओवाल्यानं साध्या लेन्सनं पार तोंडाशी येऊन काढलेला माझा फोटो दोन स्थळांकडून परत आला होता आणि मी आरशात पाहणं सोडलं होतं.

"नाक तुझं मोठं नाही वं," काका म्हणाले. "तो लय जवळ आला होता. जवळचं ते मोठंच दिसते."

मग मला फाटकात उभं करून हे मागे मागे सरकत रस्ता ओलांडून समोरच्या पिठाच्या गिरणीत शिरले. तिथून काढलेल्या फोटोत मी चक्क मला आवडले.

त्या फोटोवर धरमपेठेतलं स्थळ पाहायला आलं. मुलाच्या मावशींनी फोटो माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि फोटोतलं नाक लहान आहे, असं बोलून दाखवलं. आईचा चेहरा उतरला. काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही लय जवळून पाहून राहिल्या. दारापर्यंत मागं सरका, मंग पाहा."

मावशी हलल्या नाहीत. मुलगा मात्र उठला, खुर्ची उंबरठ्यापाशी नेली आणि तिथून माझ्याकडे पाहत बसला. मला हसू आवरेना. लग्न ठरलं.

सक्करदऱ्याहून धरमपेठ म्हणजे सायकलचा रस्ता, पण पाठवणीच्या वेळी काका गाडीजवळ आलेच नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावून फाटकाशीच उभे. मला फार राग आला होता. महिन्याभरानं माहेरी आले तेव्हा फोटो पाहिले. गाडीच्या मागच्या काचेतून मी वळून पाहते आहे, रेशनचं दुकान मागे पडलं, कोपऱ्यावरचा निंब मागे पडला, आणि प्रत्येक फोटोत माझा चेहरा तेवढाच. गाडी जसजशी लांब गेली, तसतशी काकांनी रिंग फिरवली होती. शेवटच्या फोटोंत मात्र मी लहान लहान होत गेले होते. हे असं काहून, म्हणून मी विचारलं.

काकांनी लेन्स पुसायला घेतली.

"दोनशेच्या पुढं रिंग फिरत नाही वं," ते म्हणाले. "लय जोर लावून पाहिला मी."