साक्षीला कोण आहे?

मारेगावात, आणि मला वाटतं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात, आमच्या डॉक्टरांइतका कोर्टाला भिणारा माणूस झाला नाही. रोगाला ते भीत नसत, सापालाही नाही. पण कुणी नुसतं 'वकील' म्हटलं की त्यांचाच बीपी मोजावा लागे. म्हणून साधं इंजेक्शन द्यायचं तरी बाकावरच्या पेशंटांतून एकाला साक्षीला बोलावत. "हे पाह्य, सुई नवी हाय, मानूस शुद्धीत हाय. पाह्यलं ना?" साक्षीदारानं "पाह्यलं" म्हटल्याशिवाय सुई टोचली जात नसे. एकदा माझ्या कमरेच्या इंजेक्शनाला त्यांनी साक्षीला आणला, तो नेमका माझा व्याही! तेव्हापासून लग्नकार्यात आम्ही एकमेकांकडे बघत नाही. कोरोनात बाक रिकामा पडला, तर हे गृहस्थ खिडकीतून समोरच्या चहावाल्याला हाक मारत. तोही उकळत्या चहावरून "पाह्यलं जी!" ओरडे, काही दिसत नसताना.

त्याच दिवसांत एका म्हाताऱ्याला दम लागला म्हणून त्याची बायको त्याला ऑटोतून घेऊन आली. असा पेशंट दवाखान्यात ठेवून घ्यायचा नाही, यवतमाळला पाठवायचा, असा हुकूम होता. ॲम्ब्युलन्स काही येईना. डॉक्टरांनी स्वतःच्या आईसाठी आणून ठेवलेलं सिलिंडर काढलं आणि म्हाताऱ्याला बाकावरच ऑक्सिजन लावला. दुपारी म्हातारा गेला. मग ॲम्ब्युलन्स न बोलावताच म्हाताऱ्याला ठेवून घेतलं, अशी त्याच्या पुतण्यानं तक्रार केली आणि डॉक्टरांवर दवाखाना कायमचा बंद करायची पाळी आली.

चौकशीला मी सोबत गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणता, साक्षीला कोण आहे?" जन्मभर सुईसुईला साक्षीदार उभा करणारे आमचे डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "कोनी नाही जी. त्या दिवशी इसरलो." हसावं की रडावं, मला कळेना.

तेवढ्यात दारातून म्हाताऱ्याची बायको आत आली. "मी होती ना! यायनं मले साक्षीले बोलावलं नाही, पन म्या पाह्यलं. फोन लावू लावू थकले हे. आन् माह्या मानसाचा हात शेवटपर्यंत सोडला नाही."

दवाखाना वाचला. साक्षीदार बोलावणं मात्र डॉक्टरांनी सोडलं. "जिले बोलावलं नाही, तेच आली. आता कोनाले बोलावू?" म्हणतात. म्हातारी बाजाराच्या दिवशी उगीच येऊन त्या बाकावर बसते. परवा मला इंजेक्शन होतं. डॉक्टरांनी कुणालाही न बोलावता सुई भरली. मला राहवेना. मीच हाक मारली, "मावशी, पाह्यलं ना?"

"पाह्यलं, बापू."

मोतीबिंदूमुळे तिला आता धड दिसत नाही. पण तिनं म्हटल्याशिवाय मला सुई टोचून घ्यावीशी वाटत नाही.