हळू बोलणारे आमदार

आमचे आमदार कधी मोठ्यानं बोलत नाहीत. पहिली निवडणूक ते अपक्ष म्हणून जिंकले, दुसरी पक्षाच्या तिकिटावर, आणि तिसरी हरले. तिन्ही वेळा आवाज तोच, शेजाऱ्याची विचारपूस केल्यासारखा.

हरल्यावर ते आमच्या अंगणात आले. वाळत घातलेल्या हळदीवर पाय पडू न देता खाटेवर बसले.

"मास्तर, तुमच्या गल्लीत मतं कमी पडली. काहून?"

"लोकांचं काय सांगावं, साहेब," मी म्हणालो.

"ते बराबर हाये. आमी राग धरत न्हाई." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पोरगी नांदेडला एकटीच राहती ना? त्या हॉस्टेलकडं लई सामसूम असती."

मुलगी नांदेडला शिकते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिला मावशीच्या घरी ठेवून आलो.

पुढच्या निवडणुकीत मतदान यंत्रापुढं मी एकटाच होतो. कुणी पाहत नव्हतं, तरी मी त्यांचंच बटण दाबलं.

ते निवडून आले. आमच्या गल्लीनं सगळ्यांत जास्त गुलाल उधळला. त्या गर्दीत कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नव्हतं.