पुठ्ठ्यातला पंक्चरमास्तर

यशवंत ओव्हाळ यांच्यावर अन्याय झाला तो मंगळवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, एका मराठी दैनिकाच्या शिवाजीनगरातल्या एसी केबिनमध्ये. मी तिथेच बसले होते. ज्या कागदाच्या जोरावर अन्याय झाला, त्यावर सही माझी होती.

दैनिकाचे जनरल मॅनेजर इनामदार यांनी तो कागद बोटाने पुढे सरकवला.

“ओव्हाळ, हा रिपोर्ट बघा. तुम्ही म्हणता त्या अठरा वर्षांचे सगळे अंक स्कॅन झालेत. ‘पंक्चरमास्तर’ नावाची चित्रपट्टी एकाही अंकात नाही.”

“अहो साहेब, रोज यायची. चौथं पान, खाली उजवीकडे.”

“रेकॉर्डमध्ये नाही.”

“अख्ख्या पुण्याला आठवतेय.”

“आठवणी सीडीवर घेता येत नाहीत,” इनामदार म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

ओव्हाळकाका सत्तरीचे. खडकीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सरकारी नोकरी, बाहेरचं काम करायचं तर परवानगी लागायची, म्हणून चित्राखाली त्यांनी कधी नाव घातलं नाही. कोपऱ्यात सायकलच्या ट्यूबचा एक इवलासा व्हॉल्व्ह काढायचे, तीच सही. मूळ चित्रं ऑफिसने कधी परत दिली नाहीत. कात्रणं त्यांनी स्वतः ठेवली नाहीत. का, असं विचारल्यावर म्हणाले, “रोज उद्याचं काढायचं असायचं हो. कालचं कोण बघतंय?” आता दैनिकाची सुवर्णमहोत्सवी सीडी निघत होती. रिटायर माणसाला परवानगीची भीती उरली नव्हती. त्यांची एकच मागणी होती. सीडीवर पंक्चरमास्तर घ्या आणि खाली माझं नाव टाका.

“जयभीम,” म्हणून ते उठले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “सही सुबक आहे तुमची.”

मला हे लागलं.

आता माझं काम काय ते सांगते. वायटूकेची भीती ओसरली आणि पुण्यात गल्लोगल्ली आयटी कंपन्या निघाल्या. त्यातली आमची एक. आम्ही सॉफ्टवेअर वगैरे काही करत नव्हतो. जुने कागद स्कॅन करून सीडीवर भरत होतो. मी क्यूसी बघायचे, म्हणजे पान तिरकं आलं का, सुटलं का, हे तपासायचं आणि शेवटी लिहून द्यायचं की काम पूर्ण आहे. त्या लिहून देण्याला ‘साइन-ऑफ’ म्हणतात. क्लायंटकडून महिन्याला एक असे बांधलेले खंड आले होते. मंगळवारचा रिपोर्ट कच्चा होता; शुक्रवारी माझा पक्का साइन-ऑफ, शनिवारी सीडीचा मास्टर म्हणजे मूळ प्रत, आणि सोमवारी खंड कागद-गिरणीच्या टेम्पोत. लगदा. इनामदारांना खंड ठेवायची खोली कॉल सेंटरला भाड्याने द्यायची होती.

मी माझ्या सरांकडे गेले. सोहनी सर. शिक्षण इंदूरला, पुण्यात चार वर्षं.

“सर, काहीतरी सुटलंय.”

“पानं मोजलीस?”

“मोजली. एकही कमी नाही.”

“मग काय सुटलंय? जगताप, तू कॉलेजात पत्रकं वाटायचीस ना? इथे नको वाटूस. स्पेक वाच, साइन कर.”

स्पेक म्हणजे क्लायंटशी ठरलेल्या कामाची यादी. बारा पानांची. कोणी वाचत नाही.

पत्रकं वाटायचे हे खरं. हॉस्टेलच्या पाण्यासाठी, परीक्षा फीसाठी. पण इथे पत्रक काढायचं तरी कशाच्या आधारावर? मलाच संशय होता. मी लोणी काळभोरची. आमच्याकडे हाच पेपर यायचा, वडील पहिल्या पानापासून वाचायचे, मी चौथ्या पानापासून. पंक्चरमास्तर मी कधी पाहिला नव्हता. माझ्या टीमला विचारलं. लातूर, नांदेड, वाघोली. कोणी पाहिला नव्हता. दैनिकातली जुनी माणसं व्हीआरएस घेऊन घरी बसली होती. इनामदार स्वतः साबणाच्या कंपनीतून आलेले. म्हणजे म्हातारा खोटं बोलतोय की काय? बुधवारी सकाळपर्यंत मी हेच म्हणत होते. लिहायला लाज वाटते, पण म्हणत होते.

बुधवारी मी रशीदचाचांकडे गेले ते वेगळ्याच कामाला. भवानी पेठेत त्यांचा बाइंडिंगचा कारखाना आहे. दैनिकाचे सगळे खंड त्यांनीच बांधलेले. काही खंड इतके घट्ट शिवले होते की मधल्या ओळी स्कॅनमध्ये काळ्या यायच्या. टाके सैल करून मिळतील का, हे विचारायला गेले होते. बोलता बोलता ओव्हाळकाकांचं सांगितलं.

चाचांनी सुई खाली ठेवली. “पंक्चरमास्तर नाही म्हणतात? माझ्या पोरी चहा थंड करायच्या त्याच्यापायी.”

“मी तर कधी बघितला नाही, चाचा.”

“कुठली तू, बेटा?”

“लोणी काळभोर.”

“हां! लोणीला डाक जायचा. डाकमध्ये मास्तर कुठला? तिथं तर गूळ आणि कांदा.”

मी खालीच बसले.

लोकांना वाटतं पेपर एक असतो. तो रोज दोनदा छापला जायचा. गावांना एसटीने जायचा तो आधी छापून निघायचा. ती डाक आवृत्ती. शहराची आवृत्ती मागाहून, पहाटे. चौथ्या पानावर खाली उजवीकडे शहराला चित्रपट्टी मिळायची आणि त्याच जागी आम्हाला मार्केट यार्डातले भाव. गावच्या माणसाला भाजीचा दर कळतो, विनोद कळत नाही, असं कोणा संपादकाने ठरवलं होतं. माझ्या बालपणातला पंक्चरमास्तर त्याने असा कांद्याखाली पुरला. हा दुसरा अन्याय. त्याची तारीख मला सापडली नाही, सापडली की कळवेन.

आणि फायलीत काय लावायचे? ऑफिसची जुनी शिस्त होती की मशीनवरून निघालेली पहिली प्रत फायलीला. पहिली प्रत म्हणजे डाक. अठरा वर्षं रोज, इमानेइतबारे, चुकीचा अंक जपून ठेवला होता. आणि आम्ही तो अत्यंत काळजीपूर्वक स्कॅन केला होता.

“मग शहराचे अंक कुठे गेले, चाचा?”

“उरलेल्या प्रती रद्दी म्हणून माझ्याकडे यायच्या. त्याचाच तर पुठ्ठा केला.”

“कसला पुठ्ठा?”

चाचा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी शाळेत गेलेच नव्हते. “खंडांचा. विकतचा पुठ्ठा कसर खाते. मी कागदावर कागद चिकटवून, दाबून करायचो. खळीत मोरचूद घालायचो, किडा शिवत नाही. उघड एखादा. आत असेल तुझा मास्तर.”

ज्या खंडांकडे बोट दाखवून इनामदारांनी ‘रेकॉर्डमध्ये नाही’ म्हटलं, त्यांच्याच पुठ्ठ्यांत ते रेकॉर्ड होतं. आणि सोमवारी पुठ्ठ्यांसकट त्याचा लगदा होणार होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा स्पेक वाचलं. सातव्या पानावर वाक्य होतं: बांधणीसकट खंडातला प्रत्येक छापील कागद स्कॅन करावा. कोणी तरी कुठून तरी उचलून चिकटवलेलं वाक्य. पण सही दोन्ही बाजूंची होती.

गुरुवारी सकाळी सोहनी सरांसमोर ते पान ठेवलं.

“स्पेक वाच म्हणालात. वाचलं. काम अपूर्ण आहे. मी साइन करत नाही.”

“जगताप, तुला नोकरी नकोय का?”

“हवी आहे. म्हणूनच खोटी सही नको. उद्या कोणी हे पान काढलं तर कंपनी अडकेल, मी नाही.”

सरांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, “कंपनी अडकेल हे आधी सांगायचं ना!” आणि इनामदारांना फोन लावला.

शुक्रवारी सकाळी अकराला आमच्या स्कॅनिंगच्या हॉलमध्ये सगळे जमले. टेबलावर एक खंड, स्टोव्हवर किटली. रशीदचाचा, ओव्हाळकाका, सोहनी सर, इनामदार. इनामदार आले ते आवाज चढवूनच.

“आमच्या खंडांचे पुठ्ठे फाडायची परवानगी कोणी दिली?”

“फाडत नाही, सोडवतोय,” मी म्हटलं. “आणि सोमवारी आपण ते गिरणीत घालणार होतात ना? तिथे काय हळूच सोडवतात?”

चाचांनी खंडावरचं कापड काढलं, पुठ्ठ्याला वाफ दिली. ओलं फडकं ठेवलं, थांबले, पुन्हा वाफ. घाई केली की कागद फाटतो. जुना वर्तमानपत्री कागद पापडासारखा असतो. मग बोथट सुरीने पहिला थर उचलला. बातम्या. दुसरा. सिनेमाच्या जाहिराती. तिसरा थर सुटायला लागला तसा हिरवट झाक आलेल्या कागदावर एक झाड दिसलं, झाडाखाली सायकल उलटी ठेवलेली, आणि पाण्याच्या घमेल्यात डोकं घालून बसलेला एक माणूस.

ओव्हाळकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पहिल्या चौकटीत गिऱ्हाईक विचारतं: ‘मास्तर, पंक्चर किती वेळात निघेल?’ ‘दहा मिनिटांत.’ दुसऱ्या चौकटीत गिऱ्हाईक: ‘मागच्या वेळीही दहाच म्हणाला होतात. तासभर बसलो!’ तिसरी चौकट अजून वरच्या थराला चिकटलेली.

“ठीक आहे,” इनामदार म्हणाले. “चित्र छापलं होतं, मान्य. पण नाव कुठे आहे? हे ओव्हाळांनीच काढलं कशावरून? उद्या कोणीही येईल.”

चाचांचा हात थांबला. मला संताप आला होता.

ओव्हाळकाका म्हणाले, “रशीदभाई, पुढचं आत्ता उघडू नका. बाई, एक कागद द्या.”

मी प्रिंटरमधला कोरा कागद दिला. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं. पहिली रेघ टेकवली.

“काका, आठवतंय तुम्हाला?” मी हळूच विचारलं.

“छे! तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. पण मास्तर दुसरं म्हणणार काय?”

तीन मिनिटं लागली. झाड, घमेलं, घमेल्यातून डोकंही वर न काढणारा मास्तर, हात हवेत उडालेलं गिऱ्हाईक, कोपऱ्यात व्हॉल्व्ह. आणि फुग्यात अक्षरं: ‘दहा मिनिटं पंक्चरची. पन्नास तुमच्या सल्ल्याची.’

“उघडा,” काका म्हणाले.

वाफ. ओलं फडकं. सुरी. तिसरी चौकट सुटून वर आली.

तेच झाड. तेच घमेलं. मास्तरचं डोकं तसंच आत. गिऱ्हाइकाचे हात तसेच वर. कोपऱ्यात व्हॉल्व्ह. फुग्यात: ‘दहा मिनिटं पंक्चरची. पन्नास तुमच्या गप्पांची.’

हॉलमधली सगळी मशीनं थांबली होती. लातूरच्या मुलाने टाळी वाजवली आणि मग कोणी थांबेना. सोहनी सरही वाजवत होते. चाचा नुसते मान हलवत होते.

“एक शब्द वेगळा आहे,” इनामदार म्हणाले. काहीतरी म्हणायलाच हवं होतं त्यांना.

ओव्हाळकाकांनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. “आत्ताचा जास्त बरा आहे,” ते म्हणाले.

इनामदार हसले. खोटं कशाला बोलू, मनापासून हसले. मग कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहून दिलं: टेम्पो रद्द.

सीडी आठवडाभर उशिरा निघाली. कोणाचंही काही बिघडलं नाही. चाचांनी आणि आमच्या टीमने मिळून पुठ्ठे सोडवले; चारशे बारा चित्रपट्ट्या निघाल्या. सीडीवर त्यांचा वेगळा विभाग आहे आणि पहिल्याच पडद्यावर ठळक अक्षरात लिहिलंय: पंक्चरमास्तर, चित्र आणि शब्द यशवंत ओव्हाळ. काकांना प्रत द्यायला मी घरी गेले तर म्हणाले, “आता ही बघायला कॉम्प्युटर कुठून आणू?” मी सगळ्यांचे प्रिंट काढून नेले होते. रशीदचाचांनी बांधलेले. या वेळी विकतच्या पुठ्ठ्यात, कारण आत लपवायला काही उरलं नव्हतं.

मला उशिराबद्दल मेमो मिळाला. तो जपून ठेवलाय. आमच्या फॉर्मवर आता ‘आवृत्ती’ असा एक रकाना आहे. मशीनसमोर जे ठेवाल तेवढंच मशीन बघतं, आणि ‘रेकॉर्डमध्ये नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की बघणाऱ्याने पुठ्ठा उघडला नाही.

पण अठरा वर्षं रोज, म्हणजे हजारो चित्रं. आमच्या हातात चारशे बारा. बाकीची कुठे आहेत? तुमच्या घरी आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेच्या तळाशी, फडताळात डब्यांखाली, शाळेच्या जुन्या वहीत खळीने चिकटवलेली. तिसऱ्या पानावर पाककृती यायच्या. आईने एखादी कापून ठेवली असेल तर ती उलटून बघा, मागे मास्तर असू शकतो. सापडला तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच, उन्हात ठेवू नका. मागे पेन्सिलने तारीख लिहा, आणि पेपर शहरातला की गावातला तेही. काका सत्तरीचे आहेत आणि रद्दीवाला दर रविवारी येतो. तेव्हा हे वाचून नुसती मान डोलवू नका. उठा, स्टूल घ्या आणि माळा उघडा. आज.